गाठ

नगरपालिकेच्या मागच्या आवारात,
घंटागाड्या रात्री उभ्या राहतात तिथे,
उखर्डू बारी आम्हाला पाण्याशिवाय
आग विझवायला शिकवत होता.

त्या वैशाखात धरणगावला नळ अकराव्या दिवशी यायचा.
गाडीच्या टाकीत होतं ते आगीचं पाणी.
आगीचं आगीलाच, तो म्हणायचा,
त्याकडं बघून तहानसुद्धा लागू द्यायची नाही.

म्हणून कोरडा होज.
खांद्यावर घे, पळ, कपलिंग जोड, ओरड: पाणी सोड!
गाडीपाशी रायसिंग पावरा
हवेतच व्हॉल्व्ह फिरवायचा.
नोझलमधून काहीच यायचं नाही
तरी गुडघा टेकून धक्का बसल्यासारखं पुढं रेलायचं.
जो रेलला नाही, तो पुन्हा पहिल्यापासून.
निंबावर चढलेली पोरं हसून हसून खाली यायची.
हर्षाली कोळी एकदा इतकी मनापासून रेलली
की तोंडावर आपटली.
उखर्डू म्हणाला, हिला पाणी दिसलं.

दुपारी सावलीत दोरीच्या गाठी.
सामान बांधायची वेगळी,
माणूस खाली सोडायची वेगळी.
ही सुटायची नाही,
आणि तुला मात्र सोडवता आली पाहिजे, अंधारात.
आमचे डोळे बांधून
तो ती स्वतःच्या कमरेला बांधून घ्यायचा.
मुबारक तडवीची सुटली, तेव्हा रागावला नाही.
सुटलेल्या टोकाकडं बघत म्हणाला,
"आते मी मरी गवू. परत बांध."

त्याच्या आधीची चार भावंडं जगली नाहीत,
म्हणून आईनं याला उकिरड्यावर टाकून परत उचललेला.
उकिरड्यानं परत केलेला माल आग घेत नसते,
असं तो सांगायचा
डाव्या हाताची अडीच बोटं नाचवत.

मग एका शुक्रवारी रात्री दीडला
जिनिंगमधून फोन.

साडेचार हजार लिटर बारा मिनिटांत संपलं.
या वेळी धक्का खरा होता,
आणि तो आम्हाला ओळखीचा वाटला.
ज्वाळा बसल्या. लोक म्हणाले, विझली.
शेठ म्हणाले, विझली, पोरांना चहा सांगा.
उखर्डू एका गाठीला कान लावून उभा.

ही दुसरी गाठ:
पावणेदोनशे किलो रुई, दाबून, पट्ट्या आवळून.
वरून ओली, गार, जवळजवळ पांढरी,
आणि पोटात कुठंतरी हरभऱ्याएवढा विस्तव,
ज्याला कसलीच घाई नाही.

"सगळ्या बाहेर."
हूक लावून, लोटून, शिव्या देत,
पहाटेपर्यंत एकशे बारा गाठी मैदानात.
पट्टी तोडायची, उलगडायचं, चाचपायचं, पुढची.
शेठ भाव सांगत मागं मागं फिरत होते.
सकाळी आमच्या भुवयांवर रुई होती,
एका रात्रीत म्हातारे झाल्यासारखे
आम्ही एकमेकांकडं बघत शेव-चिवडा खाल्ला.

एक गाठ त्यानं तोडू दिली नाही.
कुंपणाकडं, सगळ्यांपासून लांब ठेवली,
बाजूला एक बादली पाणी, एक वाळूची,
आणि मला म्हणाला, "हाई तुनी शे. तीन दिन."

पहिल्या दिवशी काही नाही.
मी वहीत लिहिलं: काही नाही.
रात्री दोनदा उठून लिहिलं: काही नाही.
दुसऱ्या दिवशी वाटलं, तो माझी गंमत करतोय.

तिसऱ्या दुपारी
एक खरजुलं कुत्रं तिच्या सावलीत येऊन पडलं.
जरा वेळानं उठलं,
आणि उन्हात जाऊन बसलं.

मी जवळ गेलो. तळवा नाही,
हाताची मागची बाजू लावली,
पोराचा ताप बघतात तशी.

घसा सुकला होता.
बादलीतलं प्यायलो नाही.
पाणी जवळ ओढलं
आणि पहिली पट्टी तोडायला बसलो.